शब्द सुचवा: ‘लोकपक्ष’ दुबळे आणि ‘लोकवाद’ बळकट?

रात्रपाळी
जर्मन राजकारणावरचा एक लेख मराठीत करते आहे आणि पहिल्याच परिच्छेदात दोन दिवस अडकले आहे. तिथे सगळ्या थरांतल्या मतदारांना सामावणाऱ्या मोठ्या पक्षाला ‘फोल्क्सपार्टाय’ म्हणतात, शब्दशः लोकांचा पक्ष. ख्रिश्चन डेमोक्रॅट (बव्हेरियातला जोडीदार पक्ष धरून) आणि सोशल डेमोक्रॅट हे त्यातले मुख्य दोन. १९७६ मध्ये दोघांना मिळून ९१ टक्के मतं होती, २०२१ मध्ये पन्नासही भरली नाहीत. हे पक्ष दुबळे झाले म्हणून पॉप्युलिझमला, म्हणजे ‘खरे लोक विरुद्ध वर बसलेले’ अशा राजकारणाला, वाव मिळाला, असं लेखाचं म्हणणं. मी लिहिलं, ‘लोकपक्ष दुबळे झाले आणि लोकवाद फोफावला.’ संपादकांनी समासात विचारलंय, ‘मग लोक नेमके कुणाकडे?’ ते ‘लोकानुनय’ करा म्हणतात. मला तो पटत नाही. दुसरं काय सुचतं?

जुनी पोथी
लोकानुनय वर्तमानपत्रांत रुळलेला आहे, तोच ठेवावा. फार तर लोकरंजनवाद. प्रजेचे रंजन करतो तो राजा, ही आपली जुनीच कल्पना आहे. शब्द घरात असताना परका कशाला आणायचा?

धातुपाठ
राजा ‘रंज्’वरून आलेला नाही. ती कवींना आवडलेली व्युत्पत्ती आहे. लॅटिनमधला ‘रेक्स’ त्याचा सख्खा नातेवाईक, आणि त्यात रंजन कुठेच नाही.

जुनी पोथी
कवींना आवडली म्हणून ती टाकाऊ ठरत नाही. शब्दाकडे पिढ्यान्‌पिढ्या कसे पाहिले गेले, हाही अर्थच आहे.

रात्रपाळी
राजा बाजूला ठेवू. अनुनय म्हणजे मनधरणी. रुसलेल्याची समजूत काढणारा त्याच्याहून वेगळा असतो. पॉप्युलिस्ट नेता मनधरणी करत नाही. ‘मी म्हणजेच तुम्ही, आणि वर बसलेले ते सगळे चोर’ असं तो सांगतो. निवडणुकीआधी कर कमी करणं, सवलती वाटणं हे तर जुने पक्षही करत आलेत. त्याला खुशाल लोकानुनय म्हणा. दोन्हींना एकच शब्द वापरला तर माझ्या लेखाचा मुद्दाच नाहीसा होतो.

पिंपळपान
रात्रपाळीशी पूर्ण सहमत. मी इतिहास शिकवते. अमेरिकेतल्या १८९२च्या पीपल्स पार्टीवर (‘पॉप्युलिस्ट’ हे नाव मुळात यांचंच) बोलताना एकदा फळ्यावर ‘लोकानुनयी पक्ष’ लिहिलं आणि एका मुलीने विचारलं, ‘पण बाई, हे शेतकरी स्वतःच होते ना? मग अनुनय कुणाचा?’ मी तो शब्द तिथेच पुसला. कर्जात बुडालेले शेतकरी होते ते. रेल्वे सरकारच्या ताब्यात घ्या, जास्त कमावणाऱ्यावर जास्त आयकर लावा, सिनेटर थेट लोकांनी निवडू द्या, असं मागत होते. त्यांच्या अध्यक्षपदाच्या उमेदवाराला दहा लाखांवर मतं पडली. १८९६ मध्ये डेमोक्रॅट पक्षाने त्यांचा चांदीची नाणी हवी तितकी पाडू देण्याचा मुद्दा उचलला, शेतकऱ्यांनी त्याच पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ब्रायन याला पाठिंबा दिला आणि पुढे त्यांचा पक्ष विरत गेला. मोठ्या पक्षात जीव होता, त्याने मागणी पोटात घेतली. तेव्हा ‘दुबळे झाले’ हा शब्दही नीट तपासा. नक्की काय दुबळं झालं? माझ्या मते ही पोटात घेण्याची ताकद.

विरामचिन्ह
मला वाटतं नामाच्या मागे लागण्यात अर्थ नाही. सगळा फरक ‘च’मध्ये आहे. १९८९ मध्ये पूर्व जर्मनीतल्या लाइपझिगच्या रस्त्यांवर घोषणा होती, ‘आम्ही लोक आहोत.’ पोलिसांपासून संसदेपर्यंत सगळ्यांच्या नावात ‘लोक’ मिरवणाऱ्या तिथल्या कम्युनिस्ट राजवटीला ती सुनावलेली होती. २०१४ पासून ड्रेस्डेनमध्ये स्थलांतरितांविरुद्धच्या मोर्चांनी तीच घोषणा उचलली. अक्षर न अक्षर तेच, पण मराठीत करायची तर आता ‘आम्हीच लोक आहोत’ करावी लागेल. जर्मनला जे आवाजाच्या चढउतारातून दाखवावं लागतं, ते आपल्याकडे एका अक्षरात होतं. शिवाय आपल्याकडे ‘आपण’ आणि ‘आम्ही’ वेगळे आहेत. मोठा पक्ष ‘आपण’ म्हणायचा, निदान म्हणायचा प्रयत्न तरी करायचा. हे ‘आम्ही’ म्हणतात.

धातुपाठ
‘च’ १९८९ मध्येही होता: लोक आम्हीच, तुम्ही नव्हे. फरक समोर कोण उभं आहे याचा. तेव्हा समोर सत्ता होती, नंतर परक्या देशातून आलेली माणसं. व्याकरणावर एवढा भार टाकू नका.

विरामचिन्ह
भार टाकतो, कारण अनुवाद व्याकरणातूनच करावा लागतो. १९८९चा ‘च’ हक्क सांगणारा आहे, नंतरचा वगळणारा. तुम्ही दोन्हीकडे तोच ‘च’ घातलात तर वाचकाला ते कळणार कसं?

घुणा
मूळ वाक्यातल्या क्रियापदाकडे कुणीच पाहत नाही. पक्ष ‘पोखरला गेला’ म्हटलं की पोखरणारा कोणीतरी आला. ‘पोकळ झाला’ म्हटलं की दोष आतला. इटलीत १९९२ मध्ये लाचखोरीची प्रकरणं बाहेर आली, चार दशकांहून अधिक काळ सत्तेत राहिलेला ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्ष १९९४च्या सुरुवातीला संपला, त्याच सुमारास टीव्ही वाहिन्यांचे मालक बेर्लुस्कोनींनी नवा पक्ष काढला आणि मार्चमध्ये निवडणूक जिंकली. पोकळी आधी, माणूस नंतर. ग्रीसमधल्या समाजवादी पक्षाला २००९ मध्ये ४४ टक्के मतं होती, जानेवारी २०१५ मध्ये पाचसुद्धा नाहीत. कर्जसंकटात जी काटकसर त्याच्या मतदाराला नको होती, तीच त्याने राबवली. अमेरिकेत २०१६ मध्ये आणखी तिसरंच. पक्षातल्या कितीतरी बड्यांचा विरोध असताना ट्रम्प प्राथमिक फेऱ्यांतून उमेदवार झाले. तिथे झाड उभंच होतं, ढोलीत दुसरा पक्षी शिरला. आमच्या आजोबांचा अशा ठिकाणी ठरलेला शब्द होता, ‘बडा घर पोकळ वासा’.

पिंपळपान
ढोली फार आवडली! पण वासा पोकळ आहे हे आतल्यांना आधी कळत नाही का?

घुणा
कळतं. वाशावर बोट वाजवलं की आवाजच वेगळा येतो. छत डोक्यावर असेतो कोणी वाजवून पाहत नाही.

जुनी पोथी
‘बडा घर’ हे मला नेहमी खटकते. घर नपुंसकलिंगी, मग ‘बडे घर’ हवे. आमच्याकडे ‘मोठं घर पोकळ वासा’च म्हणत.

धातुपाठ
म्हण हिंदीच्या वळणाची आहे, तिथे घर पुल्लिंगी. दुरुस्त करू नये.

जुनी पोथी
चूक रुळली म्हणून ती बरोबर होत नाही.

धातुपाठ
पण ‘लोकानुनय’ ठेवा म्हणताना तुम्ही रुळण्याचंच कारण दिलं होतं.

रात्रपाळी
मजकूर उद्या द्यायचा आहे. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ची गोष्ट तळटीप म्हणून घेऊ का, विरामचिन्ह?

जुनी पोथी
रुळलेल्या शब्दात आणि रुळलेल्या चुकीत फरक आहे. लिंग हा व्याकरणाचा प्रश्न आहे, चलनाचा नव्हे.