मदत हवी आहे: 'मी ठरवलं' आणि 'घरच्यांनी ठरवलं' यातला फरक मुलाखतीत कसा ओळखायचा?

एमए सायकॉलॉजीच्या प्रोजेक्टसाठी नागपुरात अकरावी-बारावीच्या मुलांच्या मुलाखती घेऊन राहिली आहे, मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्सियाच्या १९६६ च्या आयडेंटिटी स्टेटसवर (म्हणजे 'मी कोण, काय व्हायचं' हे मुलानं कितपत शोधलं आणि पक्कं केलं, त्याचे प्रकार). अडलंय फोरक्लोजर आणि अचिव्हमेंट या दोन प्रकारांपाशी, दोन्हीत कमिटमेंट पक्कीच, फरक एवढाच की आधी स्वतः शोधाशोध केली (अचिव्हमेंट) की घरच्यांचं तसंच उचललं (फोरक्लोजर). "डॉक्टरच व्हायचं" म्हणणारी पोरं दोन्हीकडे बसतात ना! "दुसरा काही विचार केला होता का?" असं सरळ विचारून पाहिलं तर सगळे "हो मॅडम" म्हणून मोकळे, म्हणजे मीच उत्तर सुचवून राहिली. पालकांची लेखी संमती आहे पण त्यांची मुलाखत घेता येत नाही, एका मुलाला अर्धा तास मिळतो, आणि इंग्रजी प्रश्नावली नको, तिथे पोरं वाचतानाच अडखळतात. तर शोधाशोध खरंच झाली की नाही हे आपोआप बाहेर येईल असा साध्या मराठीतला नेमका कोणता प्रश्न विचारू?