चर्चा: जॉर्जिया बदललं म्हणता, पण बदललं कोणी?

पीचट्रीकर

२०२० मध्ये बायडन अमेरिकेतल्या आपल्या जॉर्जिया राज्यात ११,७७९ मतांनी जिंकले. १९९२ नंतर पहिल्यांदाच डेमोक्रॅट उमेदवाराने हे राज्य घेतलं. तेव्हापासून इथे गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत एक वाक्य हटकून कानावर पडतं: "एवढ्याशा फरकाने निकाल लागला, म्हणजे आपल्याच मतांनी लागला." फरक बारा हजारांच्या आत असला की कुठलाही गट उठून 'आमच्यामुळेच' म्हणू शकतो, ते सोडा. पण राज्य आपण भारतीयांनी बदललं हा दावा मला साफ चुकीचा वाटतो.

आपल्यातले बरेच जण राहतात ती फोरसाइथ काउंटीच (म्हणजे जिल्हाच) घ्या. १९१२ साली एका गोऱ्या मुलीवरच्या अत्याचाराचा आणि खुनाचा आळ कृष्णवर्णीयांवर आला. कमिंग या काउंटीच्या मुख्य गावच्या चौकात जमावाने एका कृष्णवर्णीय माणसाला मारून टांगलं, दोन पोरांना झटपट खटला उरकून फाशी दिली. पुढच्या काही आठवड्यांत घरं-चर्चं जाळून, रात्री-अपरात्री धमकावून सुमारे ११०० कृष्णवर्णीय रहिवाशांना काउंटीबाहेर हाकललं. त्यांच्या जमिनी कवडीमोलाने गेल्या, काही तर कसलाही कागद न करता शेजाऱ्यांनी बळकावल्या. नंतर पाऊणशे वर्षं काउंटी जवळपास निव्वळ गोऱ्यांची राहिली. १७ जानेवारी १९८७ ला डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचे सहकारी होजिया विल्यम्स छोटासा मोर्चा घेऊन आले, तर त्यांच्यावर दगड-बाटल्या पडल्या. आठवड्याने सुमारे वीस हजार लोक चालून आले आणि त्यांच्या रक्षणाला नॅशनल गार्ड उभे करावे लागले. आपल्यातले कितीतरी जण त्या वर्षी पुण्या-मुंबईत शाळेत होते.

आज तिथे अडीच लाखांहून जास्त लोक राहतात. त्यात १८ टक्क्यांच्या आसपास आशियाई, त्यातही भारतीयांचाच भरणा. कृष्णवर्णीय अजून चार-पाच टक्के. आणि २०२० मध्ये फोरसाइथने ट्रम्पना ६६ टक्क्यांच्या आसपास मतं दिली. मग आपण बदललं काय? घरांच्या किमती.

खरा बदल झाला तो अटलांटाच्या आसपासच्या डीकाल्ब, क्लेटन, हेन्री या काउंट्यांच्या पट्ट्यात. शिकागो-न्यूयॉर्कहून दक्षिणेत परतलेली कृष्णवर्णीय कुटुंबं, आणि दारोदार फिरून मतदार नोंदवणारे कार्यकर्ते. त्यांच्यातल्याच स्टेसी एब्रम्स २०१८ मध्ये डेमोक्रॅटांतर्फे गव्हर्नरपदाला उभ्या राहून सुमारे ५५ हजार मतांनी हरल्या, तेही समोरचे उमेदवार ब्रायन केंप स्वतःच निवडणूक खात्याचे प्रमुख असताना. नांगरणी त्यांची, आपण सुगीला आलो.

नांदेडकर

धागा वाचून घाम फुटला. मी इथे पोरांच्या शाळा बघून घर घेतलं. १९१२ मध्ये माझे पणजोबा कंधार तालुक्यात निजामाचा सारा भरत होते. त्या पापाची पावती माझ्या नावावर का फाडताय?

आणि 'आपली मतं' म्हणताना अर्ध्या लोकांना मतच नाही हे विसरता. ग्रीन कार्डच्या रांगेत मी इतकी वर्षं आहे की पोरगी इथे जन्मून माझ्याआधी मतदार होणार. श्रेयही नको, दोषही नको. टॅक्स मात्र भरतोय.

शुभांगी_ग्विनेट

पीचट्रीकर, तुम्ही फोरसाइथ बघून राज्याचा निकाल लावताय. शेजारी ग्विनेटमध्ये या. १९९० मध्ये इथे दहातले नऊ लोक गोरे होते, आता गोरे तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. लोकसंख्या साडेतीन लाखांवरून साडेनऊ लाखांवर गेली. कोरियन, व्हिएतनामी, मेक्सिकन, नायजेरियन, गुजराती, आपण. १९७६ ला डेमोक्रॅट जिमी कार्टर जॉर्जियाचेच म्हणून त्यांना मत दिलेली ही काउंटी पुढे चाळीस वर्षं रिपब्लिकन होती, ती २०१६ ला फिरली. २०२० ला बायडनना ५८ टक्के. हे सगळं एकट्या कृष्णवर्णीय मतदारांनी केलं म्हणणं हाही अन्यायच. आणि फोरसाइथचं म्हणाल तर २०१२ ला तिथे रिपब्लिकन रॉमनींना ऐंशी टक्के मिळाली होती. ऐंशीवरून सहासष्ट म्हणजे काहीच नाही?

बदलाची मर्यादा मात्र मी सांगते. सासूबाई-सासरे सहा महिन्यांसाठी येतात. डोंबिवलीत रोज स्टेशनापर्यंत जाऊन भाजी आणणारी माणसं इथे खिडकीशी बसून माझी गाडी यायची वाट बघतात. कारण अटलांटाच्या मार्टा या सार्वजनिक वाहतूक सेवेची रेल्वे ग्विनेटमध्ये येऊच दिलेली नाही. १९७१ ला मतदान झालं, नाही. १९९० ला, नाही. तेव्हा 'शहरातले लोक इकडे येतील' ही भीती होती आणि 'शहरातले लोक' म्हणजे कोण ते सगळ्यांना कळत होतं. पण २०१९ लाही नाही! २०२४ ला पुन्हा वाहतुकीसाठी कर मागितला, पुन्हा नाही. तोवर काउंटीचं मंडळ डेमोक्रॅट, अध्यक्षपदी कृष्णवर्णीय बाई, मतदार सगळ्या रंगांचे. डेमोक्रॅटांना मत देणारी काउंटी बसला मत देत नाही. सबडिव्हिजनमध्ये घर घेतलं की माणूस आपसूक जुन्या मालकासारखा विचार करायला लागतो की काय कोण जाणे.

खवट_म्हातारा

चाळीस वर्षं अटलांटात काढलीत, म्हणून चार शब्द. २००३ पासून गव्हर्नर सलग रिपब्लिकन. विधिमंडळाची दोन्ही सभागृहं रिपब्लिकन. २०२२ ला केंपनी एब्रम्सबाईंना जवळपास तीन लाखांनी पाडलं. २०२४ ला ट्रम्प लाखाहून जास्त मतांनी आले. कसला बदल घेऊन बसलात?

२०२१ चा मतदानाचा कायदा झाला तेव्हा बायडन त्याला नव्या जमान्यातलं जिम क्रो (दक्षिणेतले जुने वर्णभेदाचे कायदे) म्हणाले, बेसबॉलवाल्यांनी ऑल-स्टार सामना उचलून डेन्व्हरला नेला. पुढच्याच वर्षीच्या मध्यावधी निवडणुकीत मतदानाच्या दिवसाआधीच मत देणाऱ्यांचा विक्रम झाला. लायसन्स काढताना आपोआप मतदार नोंदणी २०१६ मध्ये सुरू झाली, तीही रिपब्लिकन राज्यातच. आणि ज्या संस्थेच्या नावाने तुम्ही आरत्या ओवाळता, त्या एब्रम्सबाईंनीच मतदार नोंदणीसाठी काढलेल्या न्यू जॉर्जिया प्रोजेक्टला बेकायदा प्रचारखर्च लपवल्याबद्दल २०२५ मध्ये तीन लाख डॉलर दंड झाला. पुढे संस्थाच बंद पडली. यावर एक ओळ नाही धाग्यात.

पीचट्रीकर

काका, दंड योग्यच झाला, त्यात वाद नाही. पण नोंदवलेले मतदार त्यामुळे खोटे ठरत नाहीत. कायद्याचं म्हणाल, तर मतदान केंद्राजवळ रांगेतल्या माणसाला पाण्याची बाटली देणं गुन्हा ठरवणारं कलम कशासाठी होतं ते सांगा. टपाली मतपत्रिका टाकायच्या पेट्या कमी केल्या, त्या कुठे जास्त लागत होत्या? एकूण मतदान वाढलं, पण गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मतदारांतली दरी २०२२ मध्ये रुंदावली. विक्रमाच्या आकड्यात ती दिसत नाही.

आणि २०२२ चा अर्धाच निकाल का सांगता? त्याच मतपत्रिकेवर सिनेटचे रिपब्लिकन उमेदवार हर्शेल वॉकर यांना केंपपेक्षा दोन लाख मतं कमी पडली. फेरलढतीत डेमोक्रॅट वॉर्नॉक निवडून आले. डॉ. किंग यांच्याच एबेनेझर चर्चचे पाद्री, राज्याचे पहिले कृष्णवर्णीय सिनेटर. जिथे १९५६ ते २००१ राज्याच्या झेंड्यावर कॉन्फेडरेट युद्धचिन्ह होतं, तिथे. ते काढल्यावर पुढच्याच वर्षी गव्हर्नर रॉय बार्न्स पडले, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

नांदेडकर, पावती फाडलेली नाही. चौकात २०२१ मध्ये १९१२ च्या घटनेची पाटी लागली आहे. पोरीला घेऊन एकदा वाचून या, एवढंच.

रणरागिणी

सगळे मतांच्या टक्क्यांत अडकलात. सहा आठवड्यांच्या आसपास गर्भपात बंद करणारा कायदा २०१९ ला केंपनीच सही करून आणला आणि जुलै २०२२ पासून लागू झाला. दोन मुलींची आई म्हणून मला राज्य कुठल्या दिशेने बदललं ते यावरून कळतं. बाकी चालू द्या.

नांदेडकर

पाटी वाचलीय. रोज तिथूनच जातो.

आता माझा प्रश्न. फोरसाइथच्याच दोन रिपब्लिकन आमदारांनी २०२३ मध्ये हिंदूद्वेषाचा निषेध करणारा ठराव मांडला, तेव्हा फोनवर पेढे वाटले गेले. आपली दखल घेतली म्हणून मीही खूश झालो होतो. मग सप्टेंबर २०२५ मध्ये सव्हानाजवळ ह्युंदाईच्या कारखान्याच्या बांधकामावर इमिग्रेशनवाल्यांची धाड पडली. ४७५ जण धरले, त्यात तीनशेहून जास्त कोरियन. ज्या कारखान्यासाठी केंप स्वतः सोलला जाऊन आले, तो. साखळदंड घातलेल्या इंजिनियरांचे फोटो बघून आमच्या टीममधली तिघं दुसऱ्या दिवशी पासपोर्टची कॉपी खिशात घालून आली. ठराव वेगळा आणि व्हिसा वेगळा. पीचट्रीकर, इथे तुमच्याशी सहमत: आपण अजून पाहुणेच आहोत. पण पाहुण्याला यजमानाच्या भांडणात ओढू नका.

शुभांगी_ग्विनेट

पाहुणे मॉर्गेज भरत नाहीत हो.

आणि काका, 'कसला बदल' विचारता तर नोव्हेंबर २०२५ बघा. विजेचे दर ठरवणाऱ्या सार्वजनिक सेवा आयोगाच्या दोन जागा, ज्या निवडणुकीचं नावही निम्म्या राज्याला माहीत नव्हतं. दोन्ही डेमोक्रॅटांनी घेतल्या, साठ टक्क्यांच्या वर मतं घेऊन. व्होगल अणुप्रकल्प वर्षानुवर्षं रखडला, खर्च तीस अब्ज डॉलरच्या पुढे गेला, त्याचा भार ग्राहकांवर आणि वर हाच आयोग दरवाढीला मान डोलावत राहिला. त्या दिवशी ना वंश आड आला ना धर्म. लोकांनी बिल बघून मत दिलं.

खवट_म्हातारा

ऑगस्टचं बिल बघून मीसुद्धा दिलं. दोन्ही जागांना. बायकोला अजून सांगितलेलं नाही. पण त्यावरून २०२६ च्या गव्हर्नरकीची गणितं मांडू नका, तिथे मी माझ्या जागेवर आहे.