मॉन्स्टेराची पानं फाटतच नाहीयेत, काय करू?

पानवेडी:
नमस्कार मंडळी. मोठ्या पानांची झाडं घरात असावीत ही फार दिवसांची इच्छा होती म्हणून मॉन्स्टेरा डेलिसिओसा (चिरा पडलेल्या मोठ्या पानांचा वेल), एक अलोकेशिया आणि फिडल लीफ फिग आणलंय. हॉलमध्ये सोफ्याशेजारी ठेवलीत, खिडकीपासून साधारण १० फूट. मॉन्स्टेरा वाढतोय पण नुसते देठ लांबतायत, नवीन पान आधीच्यापेक्षा लहान आणि एकालाही चीर नाही. फिडल लीफ तर आल्यापासून पानं गाळतंय. खत वाढवू का मोठी कुंडी देऊ? रोज पानांवर पाणी स्प्रे करते, त्याचा उपयोग होतो का?

वेलवाला:
ताई, खत आणि कुंडी सध्या राहू द्या, प्रश्न उजेडाचा आहे. १० फुटांवर आपल्याला लख्ख दिसतं कारण डोळे जुळवून घेतात, झाडाला मात्र तिथे फारच कमी उजेड मिळतो आणि मग ते देठ लांबवून खिडकीकडे ओढ घेतं. २-३ फुटांवर आणा, सकाळचं कोवळं ऊन चालेल, दुपारचं कडक ऊन थेट येत असेल तर पातळ पडदा लावा नाहीतर पानं करपतात.
दुसरं म्हणजे आधार. हा वेल मूळचा दक्षिण मेक्सिको ते पनामाच्या जंगलातला, तिथे मोठ्या झाडांच्या खोडांना धरून वर चढतो, लहानपणी पानं अख्खी असतात आणि जसजसा वर उजेडात जातो तसतशी मोठी आणि चिरलेली येतात. म्हणून जाड मॉस पोल (शेवाळ भरलेला खांब) द्या आणि तो ओलसर ठेवा म्हणजे पेरातून निघालेली हवाई मुळं त्यात शिरतील, कोरड्या प्लास्टिकच्या काठीत ती शिरत नाहीत. बांधताना खोड बांधा, देठ मोकळे सोडा. आत्ता असलेली पानं नंतर फाटणार नाहीत हं, चिरा पान कोंबात असतानाच तयार होतात, त्यामुळे फरक नवीन पानांत बघायचा.

कुंडीभर:
वरच्याशी सहमत. मोठ्या कुंडीची घाई तर अजिबात नको, जास्त माती म्हणजे जास्त वेळ ओल, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. मुळं खालच्या भोकातून डोकवायला लागली की फक्त २ इंच मोठी कुंडी घ्या. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), परलाइट (हलके पांढरे खडे) आणि झाडाच्या सालीचे तुकडे असं भुसभुशीत मिश्रण करा, आणि पाणी वार लावून नाही तर बोट घालून वरची २ इंच माती सुकली असेल तरच.
स्प्रेने दमटपणा थोडाच वेळ टिकतो. त्यापेक्षा ओल्या फडक्याने पानं पुसा, धूळ गेली की पानाला उजेड नीट मिळतो आणि पुसताना मागची बाजू बघितली जाते, लाल कोळी (पानातला रस शोषणारी बारीक कीड) तिथेच असतो. अलोकेशियावर तो हमखास येतो, कोरड्या हवेत तर जास्तच.

सावलीतली:
फिडल लीफला जागा बदललेली सोसत नाही, खिडकीजवळ नेल्यावरही एकदोन पानं गळतील, घाबरून परत हलवू नका. अलोकेशिया थंडीत सगळी पानं टाकून कंदात झोपतो कधीकधी, मेला समजून फेकू नका, फक्त पाणी कमी करा. सकाळी त्याच्या पानांच्या टोकाला थेंब दिसतात तो रोग नाही, झाडानेच बाहेर टाकलेलं पाणी असतं.
आणि हे कुणी लिहिलं नाही म्हणून सांगते, घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर जपा. मॉन्स्टेरा आणि अलोकेशियाच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, चावलं तर तोंडाची भयंकर आग होते. फिडल लीफच्या चिकानेही अंगाला खाज सुटते, छाटताना हातमोजे घाला.

पानवेडी:
खूप खूप आभार सगळ्यांचे! उद्याच जागा बदलते. पण खिडकीसमोर भिंत आहे, ऊन येतच नाही, मग?

वेलवाला:
मग ग्रो लाइट, म्हणजे झाडांसाठीचा दिवा लावा. गुलाबी-जांभळाच हवा असं काही नाही, चांगला पांढरा एलईडी पुरतो. शेंड्यापासून फूट-दीड फुटावर, रोज १०-१२ तास, टायमर लावून. तिघांना एक पुरणार नाही, आधी मॉन्स्टेरा आणि फिडल लीफ त्याखाली ठेवा.