मदत हवी आहे: खरेदी-विक्री आणि सासू-सून, दोन्ही विरुद्धार्थी का?

नमस्कार मंडळी. इंदूरला रविवारी सहावी-सातवीच्या मुलांना मराठी शिकवते. शाळेत हिंदी असल्याने देवनागरी वाचतात, पण मराठी शब्द घरापुरतेच माहीत. विरुद्धार्थी शब्दांपाशी अडले आहे.

व्याकरणाच्या पुस्तकांतल्या याद्या पाहिल्या. गरम-थंड, जिवंत-मृत, खरेदी-विक्री, सगळं एकाच पंगतीला. पहिल्या दोन जोड्या मी 'नाही' लावून वेगळ्या केल्या: 'गरम नाही' म्हणजे थंडच असं नाही, कोमटही असेल, 'जिवंत नाही' म्हणजे मात्र मृतच. मुलांना पटलं. (कोमट शब्द नवा होता, इथे घरीसुद्धा गुनगुनाच म्हणतात.)

घोडं अडलंय तिसऱ्या जोडीपाशी. खरेदी आणि विक्री एकाच व्यवहाराच्या दोन बाजू. कोणी विकल्याशिवाय दुसऱ्याला विकत घेताच येत नाही. मग एक मुलगी म्हणाली, सासू-सुनेचंही तसंच! गुरू-शिष्यही त्यातच येतात.

अ-, बे- लागून होणारे शब्द नकोत, ते शिकवून झालेत. भाषाशास्त्रातली बोजड नावंही नकोत, मुलं अकरा-बारा वर्षांची आहेत.

सासू-सून, गुरू-शिष्य या जोड्या तुम्ही विरुद्धार्थीत धरता की वेगळ्या ठेवता? आणि हा तिसरा प्रकार ओळखायला 'नाही'सारखी एखादी सोपी कसोटी आहे का?