मोबाईलच्या स्क्रीनवर ४०० पीपीआयच्या पुढे पैसे मोजावेत का?

बेळगावकर ग्राहक (चर्चाप्रस्ताव)
खडेबाजारात नवा फोन घ्यायला गेले की १४४० बाय ३२०० हा पिक्सेलांचा (स्क्रीनवरच्या आडव्या-उभ्या ठिपक्यांचा) आकडा १०८० बाय २४०० पेक्षा मोठा म्हणून पुढे केला जातो, आणि आपणही तो निमूटपणे मान्य करतो. माझे मत असे आहे की, हातात धरून वाचायच्या फोनवर इंचाला सुमारे ४०० पिक्सेल, म्हणजे ४०० पीपीआय, झाल्यानंतरची वाढ डोळ्याला जाणवत नाही आणि तिच्यासाठी जादा पैसे देण्यात अर्थ नाही.

नेत्रतज्ज्ञ ज्या नजरेला ६/६ म्हणतात, तिला अंशाच्या साठाव्या भागाइतका, म्हणजे एका कलेचा, तपशील वेगळा ओळखता येतो. फोन डोळ्यांपासून ३० सेंटिमीटरवर धरल्यास ही एक कला स्क्रीनवर ०.०८७ मिलिमीटर भरते; म्हणजे इंचाला साधारण २९० पिक्सेल पुरतात. २०१० साली आयफोन ४ ची ३२६ पीपीआयची स्क्रीन सादर करताना, दहा-बारा इंचांवर ३०० च्या आसपास डोळ्याची मर्यादा येते, असे स्टीव्ह जॉब्ज यांनी सांगितले होते, ते याच हिशेबाला धरून होते. चाळिशी लागली की फोन आपोआप लांब जातो, आणि ४० सेंटिमीटरवर २२० पीपीआयसुद्धा पुरतात. याउलट १४४० च्या स्क्रीनवर २६ लाखांऐवजी ४६ लाख पिक्सेल रंगवावे लागतात आणि त्याचा भार बॅटरीवर पडतो.

निपाणीचा वाचक
आपला हिशेब बरोबर आहे, पण त्याचा पायाच मला मान्य नाही. ६/६ ही निरोगी नजरेची खालची पायरी आहे, कमाल मर्यादा नव्हे. अनेक तरुणांची नजर त्याहून तीक्ष्ण असते. जॉब्ज यांच्या त्या दाव्यावर डिस्प्लेतज्ज्ञ रेमंड सोनेरा यांनी हाच आक्षेप घेतला होता आणि ०.६ कला धरून बारा इंचांसाठी ४७७ पीपीआय हा आकडा मांडला होता.

शिवाय दोन ठिपके वेगळे दिसणे ही एक गोष्ट, आणि सरळ रेषेत पडलेली किंचित खोच दिसणे ही निराळी. दुसऱ्या बाबतीत डोळा एका कलेच्या सहाव्या भागाहूनही लहान फरक टिपतो. रफाराचे वळण किंवा ‘ळ’ची गाठ पायऱ्यापायऱ्यांची दिसते ती त्यामुळेच. आणखी एक गोष्ट विक्रेता सांगत नाही: बहुतेक ओएलईडी (प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाशणाऱ्या) स्क्रीनवर हिरवे बिंदू संख्येने पिक्सेलइतकेच असले, तरी लाल आणि निळे त्याच्या निम्मेच असतात. ही घट आडव्या-उभ्या दोन्ही दिशांत वाटली जाते, म्हणजे खोक्यावरचे ४०० हे त्या दोन रंगांसाठी प्रत्यक्षात २८० च्या घरात येतात.

खानापूरचा शेतकरी
आमच्याकडे हा प्रश्न ४०० च्या वरचा नाही, खालचा आहे. जमिनीचा आरटीसी उतारा (कर्नाटकातला सातबारा) कन्नडमध्ये येतो. रकाने दाटीवाटीचे आणि अक्षरांखाली जोडाक्षरांचे ‘ओत्तू’ लटकलेले. ए-४ कागदाची रुंदी उभ्या फोनवर बसवली की मजकूर तिपटीने आक्रसतो. कागदावर अक्षर ९ पॉइंटचे असेल, तर ७२० बाय १६०० च्या साडेसहा इंची स्क्रीनवर, म्हणजे २७० पीपीआयवर, त्याच्या वाट्याला अवघे ११ पिक्सेल येतात. त्यातच मात्रा, मूळ अक्षर आणि खालचा ओत्तू हे सगळे बसवायचे! १०८० च्या तेवढ्याच स्क्रीनवर, म्हणजे सुमारे ४०० पीपीआयवर, ते १६ होतात आणि सर्व्हे नंबरखालचे नाव निदान अंदाजाने लागते. मराठीचे जोडाक्षरही यातून सुटत नाही. रोमन अक्षरांवरून बेतलेले हिशेब आपल्या लिप्यांना जसेच्या तसे लावू नयेत.

बेळगावकर ग्राहक
खानापूरच्या मित्राशी माझे भांडण नाही. ७२० सोडून १०८० घ्यावा, हे माझ्या मतात बसतेच. पण तोच मजकूर आक्रसल्यावर अक्षराचे मूळ अंग साधारण अर्धा मिलिमीटर उरते, आणि ३० सेंटिमीटरवर ६/६ च्या तक्त्यातले शेवटचे अक्षर ०.४४ मिलिमीटरचेच असते. इथे डोळाच काठावर आलेला आहे. पिक्सेल कितीही वाढवले तरी दोन बोटांनी मजकूर मोठा करण्यावाचून गत्यंतर नाही. निपाणीकरांच्या खोचेविषयी म्हणायचे, तर अक्षरांच्या कडेला करड्या छटा भरून ती खोच बुजवण्याचे काम फोन करतोच.

चिकोडीची शिक्षिका
मुले फोन वीस सेंटिमीटरवर धरतात, हे दोघेही विसरलात. त्या अंतरावर एका कलेचा हिशेबसुद्धा ४३७ पीपीआय मागतो. अर्थात त्यांना महाग स्क्रीन घेऊन देण्यापेक्षा फोन लांब धरायला लावणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

निपाणीचा वाचक
करड्या छटांनी खोच बुजते, पण कडही मऊ होते आणि बारीक जोडाक्षर पुसट होते. ज्यांच्या फोनच्या सेटिंगमध्ये १०८० आणि १४४० असे दोन्ही पर्याय आहेत, त्यांनी ब्राइटनेस न बदलता तोच उतारा दोन्हींवर पाहावा आणि काय दिसते ते इथे लिहावे.

बेळगावकर ग्राहक
ही परीक्षा १०८० वर अन्याय करणारी आहे. १४४० च्या स्क्रीनवर १०८० लावले की तीन पिक्सेलांचे चित्र चार पिक्सेलांवर ताणावे लागते आणि कडा त्या ताणण्यामुळेच धूसर होतात. तुलना करायचीच, तर मुळात १०८० ची स्क्रीन असलेला, तितक्याच इंचांचा दुसरा फोन शेजारी ठेवावा लागेल.