अनुभव धागा: मुलांच्या मनावरचा ताण आणि योगाभ्यास

परीक्षा, घरातली भांडणं, बदललेली शाळा, घरातलं कुणी जाणं. मुलांना ताण येतो, पण तो सांगायला शब्द नसतात. त्यासाठी आसनं, श्वसन, ओंकार, शवासन असं काही तुम्ही करून पाहिलं असेल तर लिहा. मुलाचं वय, किती दिवस केलं, आणि उपयोग झाला नसेल तर तेही. वाचलेलं नको, घडलेलं हवं.

सुरुवात मी करते. मुलगी तिसरीत असताना रोज सकाळी रिक्षा यायच्या वेळी तिचं पोट दुखायचं. रविवारी कधीच नाही. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "पोटात काही नाही, पण दुखणं खोटं नाही." मला तिथेच रडू आलं, कारण तोवर मी तिला 'नाटकं करू नकोस' असं म्हणत होते. मग आम्ही दोघी सकाळी सतरंजी टाकू लागलो. आधी मार्जारासन, म्हणजे हात-गुडघ्यांवर ओणवं होऊन श्वास घेताना पाठ खाली, सोडताना वर. मग शशांकासन, कपाळ जमिनीला आणि माझा तळवा तिच्या पाठीवर. सगळी मिळून सात मिनिटं. दोन आठवडे काही फरक नाही. तिसऱ्या आठवड्यात, तोंड जमिनीकडे असतानाच ती बोलली. रिक्षातली मोठी मुलं तिला रोज चिडवत होती. पोट थांबलं ते रिक्षा बदलल्यावर, पण कारण कळलं त्या सात मिनिटांत.

बीड जिल्हा, प्राथमिक शिक्षक

दिवाळीच्या आसपास आमच्या गावातली बरीच घरं कुलूपबंद होतात. आईबाप ऊसतोडीला जातात. आमच्याकडं 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मागं राहिलेली लेकरं आजी-आजोबांकडं, नाहीतर हंगामी वसतिगृहात. पहिले पंधरा दिवस वर्गात नुसती शांतता असते. ती शिस्तीची नसते, हे शिक्षकाला कळतं.

परिपाठानंतर आम्ही गोल बसून भ्रामरी करतो. अंगठ्यांनी कान बंद, ओठ मिटलेले, श्वास सोडताना भुंग्यासारखा आवाज. पाच वेळा, जास्त नाही. चाळीस लेकरांचा तो घुमणारा आवाज पत्र्यावर आदळून परत येतो. चौथीतला एक मुलगा रोज वर्गात झोपायचा, कारण रात्री जागा असायचा. महिन्याभरानं त्याची आजी शाळेत आली आणि म्हणाली, "गुरुजी, लेकरू रात्री गोधडीत भुणभुण करतंय अन् मग झोपतंय."

आईची जागा भ्रामरीनं भरत नाही. म्हणून शाळा सुटल्यावर मी माझ्या फोनवरून ज्यांचे लागतील त्यांचे फोनही लावून देतो. दोन्ही लागतं.

नाशिक, आता बारावीत

दहावीच्या सराव परीक्षेत भूमितीच्या पेपरला हात घामाने इतके ओले झाले की उत्तरपत्रिका चिकटायची. ताईने शिकवलं: चार आकड्यांत श्वास घ्यायचा, सहा आकड्यांत सोडायचा, मोजायचं बोटांच्या पेरांवर. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, म्हणून सोडणं लांब ठेवायचं. त्यानंतर प्रत्येक सराव पेपरच्या आधी केलं, तेव्हा कुठे बोर्डाला जमलं. माझ्या मित्राने थेट परीक्षेच्या हॉलमध्ये पहिल्यांदा करून पाहिलं आणि तो आणखी घाबरला. सवय आधी हवी.

पुणे, आजी

माझे वडील साताऱ्याकडच्या औंध संस्थानातले. राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधींनी तिथल्या शाळांत सूर्यनमस्कार आणले होते, त्यामुळे आमच्या घरात ते जेवणाइतके नेहमीचे. अनुभवावरून दोन गोष्टी सांगते. लहान मुलांना श्वास रोखायला लावू नका, कुंभक त्यांच्यासाठी नाही. आणि त्यांना आधी दमू द्या. उड्या मारत बारा सूर्यनमस्कार घातलेलं पोर आपणहून आडवं होतं, त्याला 'शांत पड' म्हणावं लागत नाही.

लेक आणि जावई वेगळे झाले तेव्हा नातू नऊ वर्षांचा होता. शाळेतून आला की दप्तर फेकायचा. मी काही विचारत नसे. कमरेखाली सतरंजीची घडी घेऊन भिंतीला पाय लावून पडायची, विपरीत करणीत. चार-पाच दिवसांनी तोही शेजारी येऊन पडला. चार पाय भिंतीवर, वर पंखा फिरतोय. वर्षभर हे चाललं. पहिले कित्येक दिवस आम्ही एक शब्दही बोललो नाही.

सोलापूर, आई

आजी, तुमचं वाचून धीर आला म्हणून लिहिते. आमचा अनुभव उलटा आहे. मुलगा अकरा वर्षांचा. बाबांच्या स्कूटरवर मागे बसलेला असताना अपघात झाला. दोघे वाचले, पण तो रात्री दचकून उठायचा. मी त्याला रोज शवासन करायला लावलं, "डोळे मीट, अंग सैल सोड." डोळे मिटले की त्याला तोच ट्रक दिसायचा. तो नको म्हणत होता आणि मला वाटायचं, कंटाळा करतोय. आठवडाभर मी त्याला हे करायला लावलं, याचं आजही वाईट वाटतं.

शेवटी 14416 या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, मोफत क्रमांकावर फोन केला, मग समुपदेशक गाठले. त्यांनी शवासन बंद करायला लावलं. उभं राहायचं, डोळे उघडे, तळपाय जमिनीवर. तेव्हापासून तो वीरभद्रासन आणि वृक्षासन करतो, नजर समोरच्या कॅलेंडरवरच्या एका तारखेवर. मूल नको म्हणालं तर थांबा, एवढी माझी विनंती आहे.

न्यू जर्सी, बाबा

इथे शाळेत आगीच्या सरावाबरोबर दर महिन्याला सुरक्षेचाही सराव असतो. कधी त्यात लॉकडाउन ड्रिल येतं, म्हणजे शाळेत कुणी बंदूकधारी शिरला तर लपून राहायचा सराव: दिवे बंद, सगळी मुलं कोपऱ्यात, आवाज अजिबात नाही. मुलगी सहा वर्षांची. त्या रात्री तिने विचारलं, "शिंक आली असती तर?" मला उत्तर सुचलं नाही. तिच्या आजीने व्हिडिओ कॉलवर ओंकार धरला आणि म्हणाली, "बाळा, घरात कितीही मोठा आवाज चालतो."

आता ड्रिल झालं की त्या रात्री आम्ही तिघं अंथरुणावर बसून ओंकार करतो. दिवा मात्र चालू ठेवायचा, हा तिचा नियम. तिचा ओम् सगळ्यांत लांब चालतो आणि शेवटचा 'म्' संपला की ती एकदा मुद्दाम शिंकते.