पासबुकातले ४३६ आणि २० रुपये: हा विमा कोणी काढला? (मदत हवी आहे)

कृष्णाकाठ

मंडळी, नमस्कार. बँकेतल्या जाणकारांनी जरा मार्गदर्शन करावं.

गेल्या शनिवारी गावी गेलो होतो, वाईजवळ. बाबांनी नुकतंच पासबुक भरून आणलं होतं. मी चपला काढायच्या आत त्यांनी ते हातात दिलं. "बघ, बँक गुपचूप पैसे खातेय."

खातं राष्ट्रीयीकृत बँकेतलं, आई-बाबांचं संयुक्त. २७ मे रोजी एकदा ४३६ रुपये आणि दोनदा २० रुपये वजा झालेत. समोर पीएमजेजेबीवाय आणि पीएमएसबीवाय अशी अक्षरं. जानेवारीत १,१८० रुपये गेलेत, तिथे नुसतं 'जीपीए प्रीमियम'. बाबांचं पीककर्जासाठी जिल्हा बँकेत आणखी एक खातं आहे, त्यातूनही मेअखेर २० गेलेत. जुनी पासबुकं काढली तर ४३६ दर मे महिन्यात आहेतच, आणि त्याआधीच्या वर्षांत ३३० आणि १२ असे आकडे दिसतात.

आईचं वय ५२, बाबांचं ५९. बाबा शपथेवर सांगतात की त्यांनी कुठलाही विमा काढलेला नाही. घरात पॉलिसीचा कागद नाही. शाखेत फोन केला तर "सरकारी आहे, सगळ्यांचंच कापतं" म्हणून ठेवून दिला.

हे नक्की काय आहे? संयुक्त खात्यात २० दोनदा आणि ४३६ एकदाच का? आणि बंद कसं करायचं? बाबांनी 'सर्व कपात त्वरित थांबवावी' असा अर्ज लिहूनसुद्धा ठेवलाय, सोमवारी देणार आहेत.

शून्य_शिल्लक

"सगळ्यांचंच कापतं" हे साफ खोटं. माझं कधीच कापलं गेलं नाही. मेअखेर माझ्या खात्यात ४३६ असतात कुठे?

माजी_रोखपाल

कृष्णाकाठ, बाबांना सोमवारी जाऊ देऊ नका. आधी हे वाचा.

४३६ म्हणजे प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा. माणूस कोणत्याही कारणाने गेला, आजाराने किंवा अपघाताने, तरी वारसाला २ लाख. २० म्हणजे प्रधानमंत्री सुरक्षा विमा. हा फक्त अपघाताचा: मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर २ लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर १ लाख. दोन्ही योजना मे २०१५ मध्ये आल्या. तेव्हा हप्ते ३३० आणि १२ होते, १ जून २०२२ पासून ४३६ आणि २० झाले. तुमच्या जुन्या पासबुकातलं कोडं इथे सुटतं.

विम्याचं वर्ष १ जून ते ३१ मे, म्हणून कपात मेच्या शेवटच्या आठवड्यात होते. ज्योतीत १८ ते ५० वयापर्यंत शिरता येतं आणि एकदा शिरलं की ५५ पर्यंत चालू ठेवता येतं. सुरक्षाची मर्यादा ७०. आता हिशेब करा. आई पन्नाशीच्या आत शिरल्या, अजून ५५ व्हायच्या आहेत, म्हणून ४३६ त्यांचे. बाबा ५५ च्या पुढे, त्यांचं ज्योतीतून नाव गेलं. २० मात्र दोघांचे, म्हणून दोनदा. संयुक्त खात्यात प्रत्येक खातेदाराचा हप्ता वेगळा लागतो.

कागद का नाही? हा गट विमा आहे. मुख्य पॉलिसी बँकेच्या नावावर असते, तुमच्या हातात यायची ती फॉर्मखालची पोचपावती. ती कोणी जपून ठेवत नाही. २०१५ सालच्या मे-जूनमध्ये आम्ही काउंटरवर गठ्ठेच्या गठ्ठे फॉर्म घेतलेत, वरून टार्गेट होतं. लोक पैसे काढायला यायचे, स्लिपबरोबर फॉर्म पुढे सरकवला की सही करायचे. बाबांनीही केली असणार. समजावून सांगायला हवं होतं, ते झालं नाही, हे कबूल करतो.

तरीही ४३६ बंद करू नका. बावन्नाव्या वर्षी एवढ्या पैशात, वैद्यकीय तपासणीशिवाय २ लाखांचा विमा बाहेर कुठे मिळायचा नाही. आणि आईंनी एकदा सोडला की पन्नाशी उलटल्यामुळे परत शिरताही येणार नाही.

जिल्हा बँकेतले २० मात्र थांबवा. एका माणसाला एकाच खात्यातून संरक्षण मिळतं. दोन ठिकाणी हप्ता भरला म्हणून ४ लाख मिळत नाहीत, दुसरा हप्ता पाण्यात.

ऊसतोड_ते_आयटी

१,१८० चं मी सांगतो. १,००० अधिक १८ टक्के जीएसटी. वरच्या दोन्ही सरकारी योजनांना जीएसटी नाही, त्यामुळे असा आकडा दिसला की समजायचं, या योजनांबाहेरचं काहीतरी गळ्यात मारलंय. जीपीए म्हणजे गट अपघात विमा. जानेवारीत बाबांनी सोनेतारण किंवा पीककर्ज नवं-जुनं केलं होतं का? माझ्या वडिलांच्या बाबतीत कर्जाच्या वीस सह्यांमध्ये एक याची होती.

"पैसे परत द्या" असा अर्ज करू नका, त्याला उत्तरच येत नाही. "माझ्या सहीचा संमती फॉर्म आणि विम्याच्या प्रमाणपत्राची प्रत द्या" असा करा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारीख घ्या. फॉर्म निघाला नाही तर पैसे परत मागायला तुमची बाजू भक्कम होते. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही.

कृष्णाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. जानेवारीत सोनेतारण केलं होतं, बरोबर ओळखलंत! बाबांनी अर्ज फाडून नवीन लिहायला घेतलाय. आता त्यांचा नवा प्रश्न: "मी ५५ पर्यंत भरलेले ३३० आणि ४३६ परत मिळतील का?"

माजी_रोखपाल

नाही. हा शुद्ध मुदतीचा विमा. वर्षभरात काही झालं नाही की पैसे संपले. एसटीचं तिकीट काढलं आणि अपघात झाला नाही म्हणून कोणी तिकिटाचे पैसे मागत नाही, असं सांगा.

माणदेशी

धागा उशिरा पाहिला. एक विचारू? तुमच्या नात्यात गेल्या दोन-चार वर्षांत कोणी पन्नास-पंचावन्नच्या आतलं गेलंय का? असेल तर त्यांचं पासबुक शोधा. आमच्या गल्लीत एका घरी असेच ३३० कापले गेले होते आणि घरच्यांना वर्षभर पत्ता नव्हता. बँक आपण होऊन कळवत नाही, कारण माणूस गेल्याचं बँकेला कोणी सांगतच नाही.

कृष्णाकाठ

माणदेशी, तुमचा प्रतिसाद वाचून रात्री मामीला फोन केला.

मामा दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरमध्ये गेला. हार्ट अटॅक, वय ४९. मामीने ट्रंकेतून पासबुक काढलं आणि फोटो पाठवला. त्या वर्षीच्या मेमध्ये ४३६ गेलेत. २० सुद्धा. त्याआधीच्या वर्षीही आहेत.

आम्ही कोणीच काही केलेलं नाही. खातं तसंच पडून आहे. आता काही होईल का?

माजी_रोखपाल

अर्ज द्याच.

२० चा इथे उपयोग नाही, हार्ट अटॅक अपघातात येत नाही. पण ४३६ लागू आहे. नव्याने शिरलेल्याला पहिल्या ३० दिवसांत अपघाताशिवाय इतर कारणाने मृत्यू आला तर दावा मिळत नाही. मामांचा हप्ता आदल्या वर्षापासून चालू होता, त्यामुळे ती अडचण नाही.

कागद: दाव्याचा फॉर्म (शाखेत किंवा जनसुरक्षा या सरकारी विमा योजनांच्या संकेतस्थळावर, मराठीतही आहे), मृत्यूचा दाखला, नॉमिनीचं आधार, नॉमिनीच्या खात्याचा रद्द केलेला चेक किंवा पासबुकाची प्रत. दावा विमा कंपनीकडे थेट नाही, ज्या शाखेतून हप्ता गेला तिथेच द्यायचा. कोणती कंपनी ते शाखा सांगेल, बँकेप्रमाणे ती वेगळी असू शकते.

फॉर्ममध्ये 'शक्यतो ३० दिवसांत' असं म्हटलंय. तुम्हाला दोन वर्षं झालीत, त्यामुळे काउंटरवरचा मुलगा "मुदत संपली" म्हणेल. त्याला म्हणायचं, मुदत संपली की नाही ते विमा कंपनी ठरवेल, तुम्ही अर्ज घेऊन पोच द्या. उशीर का झाला ते साध्या कागदावर खरंखरं लिहा: विमा आहे हेच माहीत नव्हतं. अर्ज घेतल्यावर शाखेने ७ दिवसांत तो पुढे पाठवायचा असतो.

आणि आधी नॉमिनी कोण आहे ते विचारून घ्या. तिथेच गाडी अडते.

कृष्णाकाठ

अपडेट देतो, कारण अर्धवट सोडलेले धागे मलाही आवडत नाहीत.

काल मामीबरोबर फलटणच्या शाखेत गेलो. "मुदत संपली" हे वाक्य शब्दशः ऐकायला मिळालं! रोखपालसाहेबांचं उत्तर शब्दशः दिलं. मॅनेजर बाईंपर्यंत गेलो. त्या बऱ्या निघाल्या, स्वतः कॉम्प्युटरवर बघून म्हणाल्या की विमा चालू होता, अर्ज द्या.

नॉमिनीचं म्हणाल तर मामीचं नाव नाही, आजीचं आहे. मामाने खातं लग्नाआधी उघडलं होतं आणि विम्याच्या फॉर्मवर कोणीतरी खात्याचाच नॉमिनी उतरवून टाकला. मामी क्षणभर गप्प झाली, मग म्हणाली, "त्यांच्या नावावर येऊ दे, आम्ही काय वेगळ्या राहतो का." आजीचं खातं पोस्टात आहे, त्याच्या पासबुकाची प्रत चालली. फॉर्म घरी आणून आजीचा अंगठा घेतला, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आणि आज सकाळी शिक्का मारलेली पोच हातात आली.

१,१८० बद्दल बाबांच्या शाखेने अजून फॉर्म दाखवलेला नाही, 'शोधतोय' म्हणतात. तीस दिवस मोजतोय. जिल्हा बँकेतले २० पुढच्या मेपासून बंद. आईचे ४३६ चालू.

आजीला तो कागद कशाचा होता ते अजून कोणी सांगितलेलं नाही. अंगठा देताना तिने विचारलं, तेव्हा मामी "बँकेचं काम आहे" एवढंच म्हणाली. कंपनीचं उत्तर आलं की इथेच लिहितो.